कोरी पट्टी

मिश्रणाच्या खोलीत शिरण्याआधी बाहेरच्या बेसिनवर हात धुवायचे, तेही बिनवासाच्या साबणाने, हा त्या घरातला पणजोबांपासूनचा नियम. तो मोडणाऱ्याची आजवर कुणी गय केलेली नव्हती. एकदा विमा कंपनीचा साहेब डोक्याला सुवासिक तेल थापून आला, तर अण्णांनी त्याच्यासाठी जिन्यावर खुर्ची टाकली आणि सगळी बोलणी तिथंच उरकली. खोलीत दुरुस्ती चालू आहे असं तो बिचारा शेवटपर्यंत समजत राहिला.

त्यामुळे त्या दुपारी, अण्णा आपली खुर्ची नातीला सोपवणार म्हणून सगळे जमलेले असताना, नकटी बेसिनकडे ढुंकूनही न बघता आत आली, तेव्हा तिच्या आईच्या काळजात चर्र झालं. हात तर नाहीच, अंगावरचे कपडेही सकाळचेच होते. आणि त्या कपड्यांना तो वास होता. फिनेलचा, त्याच्याखाली कसल्याशा उग्र औषधाचा, आणि त्याच्याही खाली आणखी काहीतरी, ज्याचं नाव आईला घ्यायचं नव्हतं. वर्षभर ती हे कपडे वेगळ्या बादलीत भिजवत आली होती. पोरगी कुठल्याशा दवाखान्यातल्या डॉक्टरच्या प्रेमात पडलेली दिसते, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. जावई डॉक्टर म्हणजे काही वाईट नाही, इथपर्यंत तिची मनातल्या मनात तयारीही झाली होती. पण आज, या खोलीत, हा वास?

आईनं घाईघाईनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा तसूभरही हलले नाहीत.

नकटी हे तिचं घरातलं नाव. जन्मली तेव्हा तिचं बसकं नाक बघून काकांनी गमतीत ठेवलं ते चिकटलं. पुढं पाच वर्षांची असताना तिनं जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना सांगितलं, तुमच्या कोटाच्या खिशात संत्र्याची साल आहे, आणि ती निघालीही. त्या दिवसापासून घरात तिच्या नाकाची चेष्टा बंद झाली, नाव मात्र तसंच राहिलं. त्या घराचं सगळं वैभव नाकावर उभं होतं. देशोदेशीच्या साबणांना, पावडरींना, केसांच्या तेलांना लागणारा सुगंध इथं तयार व्हायचा, आणि तो ठरवायचं काम प्रत्येक पिढीत एकट्या माणसाचं. पणजोबांच्या नाकाचं चित्र अजून प्रत्येक बाटलीवर छापलेलं असायचं. बाकीच्या भावंडांनी कारखाना चालवायचा, माल विकायचा आणि त्या एका नाकाला सर्दी होणार नाही याची काळजी घ्यायची.

खोली तशी लहानच. भिंतींना रंग नाही, पांढऱ्या फरश्या, कारण रंगाला वास असतो. तिन्ही बाजूंना काळपट बाटल्यांचे कप्पे, मध्ये दगडी टेबल, त्यावर काचेतला तराजू, आणि टेबलाशी ती लोखंडी फिरती खुर्ची, जिच्या हातांवरचं कातडं तीन पिढ्यांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेलं. अण्णा आज त्या खुर्चीत नव्हते, शेजारी उभे होते. एका हाताने टेबलाची कड धरून.

खुर्ची सोपवायची रीतही पणजोबांचीच. जाणाऱ्यानं आपलं आजवरचं सर्वात चांगलं, कुणालाही न दाखवलेलं मिश्रण एका कागदी पट्टीला लावून द्यायचं. येणाऱ्यानं ती हुंगून त्यात काय काय आहे ते एकेक करून सांगायचं, आणि मग बसायचं. नकटीच्या बाबांनाही तरुणपणी अशी पट्टी मिळाली होती. ते बराच वेळ हुंगून म्हणाले होते, "साबण." तो साबण त्यांच्याच बाहीचा होता, ते तळमजल्यावरच्या कढयांजवळून तसेच वर आले होते. अण्णांनी पट्टी परत घेतली, आणि बाबा पुन्हा खाली गेले ते कायमचे. आज ते कारखान्याचे प्रमुख होते, शेकडो लोक त्यांना मान देत, पण या खोलीत आले की त्यांचे खांदे आपोआप पडायचे. आज मात्र ते ताठ उभे होते. आपण हरलो ती जागा आज आपली मुलगी जिंकणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्या भरात त्यांना लेकीच्या कपड्यांचा वाससुद्धा जाणवला नाही.

काकांना जाणवला. विक्री सांभाळणाऱ्या माणसाला सगळंच जाणवतं. त्यांनी नाक मुरडलं आणि शेजारी उभ्या आपल्या मुलाला कोपराने ढोसलं. हा मुलगा तसा हुशार, चार भाषा बोलणारा, फक्त गुलाब आणि रॉकेल यातला फरक त्याला डब्यावरची अक्षरं वाचूनच कळायचा. तरी काकांनी आशा सोडलेली नव्हती. खुर्चीत बसणाऱ्याला नाक असलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय, असं ते घरी काकूंना अधूनमधून म्हणत.

अण्णांनी कप्प्यातून एक बाटली काढली, पट्टीचं टोक आत बुडवलं, ती हवेत दोनदा हलवली आणि नातीच्या हाती दिली.

नकटीनं डोळे मिटले. पट्टी नाकाखालून एकदा नेली, मग परत आणली. मग जवळ धरून ठेवली.

काहीच नव्हतं. सुरुवातीला स्पिरिटची बारीक झुळूक आली, तीही लगेच उडून गेली. मागे उरला नुसता कागद.

तिच्या छातीत इतका वेळ आवळून धरलेलं सगळं एकदम सुटलं. आज ती हात न धुता मुद्दाम आली होती. वर्षभर रोज सकाळी ती शवागारात जायची आणि दुपारी अण्णांच्या शेजारी या टेबलाशी बसायची. कितीही अंग घासलं तरी तो वास केसांत राहतो, हे तिला पक्कं माहीत होतं. ज्या माणसाला तीन खोल्या पलीकडं उघडलेली बाटली ओळखू येते, त्याला तो येत नसेल? पण अण्णा कधी बोलले नाहीत. पहिला महिना तिनं घाबरत काढला. मग तिला वाटायला लागलं, अण्णांना कळलंय आणि ते गप्प आहेत. बोलले तर घरात आकांत होईल, म्हणून गप्प आहेत. त्या गप्प बसण्यावर तिनं पुढचे सगळे बेत बांधले होते. आणि आज त्यांनी सगळ्यांसमोर तिच्या हातात कोरी पट्टी ठेवली. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार? जा, माझ्याकडून तुला काही ओझं नाही.

तिचे डोळे भरून आले. तिनं पट्टी टेबलावर ठेवली आणि अण्णांचा हात घट्ट धरला.

"कळलं मला, अण्णा," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे वळली. "मी खुर्चीत बसणार नाहीये. मी शहराच्या शवागारात काम करते, गेलं वर्षभर. बेवारस म्हणून जी माणसं येतात ना, त्यांना मी स्वच्छ करते आणि ती कोण होती ते शोधायला मदत करते. पुढच्या महिन्यापासून तिथं कायमची नोकरी मिळतेय. मी घेणार आहे."

खाली बाटल्या भरायची यंत्रं चालू होती, त्यांचा आवाज तेवढा जिन्यावरून येत राहिला.

"शवागारात," बाबा म्हणाले. तो प्रश्न नव्हता. त्यांना तो शब्द कळला होता, पण तो आणि आपली मुलगी यांची सांगड त्यांना घालता येईना.

आई भिंतीला टेकली. डॉक्टर जावई क्षणात विरून गेला. ज्या बादलीत आपण आपल्या हातांनी कपडे भिजवले ती तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि आपल्याला पोरीनं सांगितलं नाही, आपल्याला, हे त्याहून जास्त झोंबलं. तिनं विचारलं ते एवढंच, की घरात हे कुणाकुणाला माहीत होतं.

"अण्णांना," नकटी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

सगळ्या माना अण्णांकडे वळल्या. काकांना धक्का बसला होता हे खरं, घरच्या मुलीनं प्रेतं धुवायची म्हणजे काय, पण त्या धक्क्याच्या खाली त्यांना बारीकशा गुदगुल्याही होत होत्या. त्यांनी तोंड शक्य तेवढं गंभीर केलं. अण्णांनीच परवानगी दिली असेल तर आपण कोण बोलणार, असं काहीतरी ते म्हणू लागले. मुलीचं मन नसेल तर जबरदस्ती बरी नव्हे, घरात दुसराही एक तरुण आहेच, शिकेल हळूहळू. बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका मधेच थांबले.

"मी कसली परवानगी दिली?" अण्णा म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. पण नकटीचा हात त्यांच्या हातातून सुटला.

"तू आधी पट्टीत काय आहे ते सांग," अण्णा पुढं म्हणाले. "बाकीचं मग बघू."

"अण्णा, कोरी आहे ना ती. तुम्हीच दिलीत कोरी."

"कोरी? आयुष्यभराचं काम आहे माझं त्यात."

काकांनी पुढं होऊन पट्टी उचलली, हुंगली आणि भुवया उंचावत मुलाकडे दिली. मुलानं हुंगली, आणि आपल्याला काही येत नाही हे आयुष्यात पहिल्यांदा बरोबर उत्तर असेल की काय, अशा चेहऱ्यानं ती नकटीच्या आईकडे सरकवली. आई या खोलीत कधी काही हुंगत नसे. सून म्हणून आली तेव्हापासून ती इथं फक्त दारात उभी राहायची. तिनंही हुंगली. कागद. साधा, स्वच्छ कागद.

"द्या इकडं," अण्णा म्हणाले.

त्यांनी पट्टी घेतली, आणि जे सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं ते केलं. मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले, डाव्या हाताचं बोट हवेत धरलेलं.

"पहिल्यांदा संत्र्याची साल," ते म्हणाले. "कोवळी, हिरवी. ती उडाली की गुलाब येतो, पण नुसता नाही, देठासकट. मग देवदार. आणि अगदी शेवटी, थांबा, आता येईल. लोकर. उन्हात वाळलेली लोकर."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. कोऱ्या कागदाकडे तोंड करून ते हसत होते.

बाबांनी बाटलीकडे पाहिलं. टेबलावरच्या उघड्या बाटलीवर स्पिरिटची चिठ्ठी होती; तशीच दिसणारी अण्णांची बाटली कप्प्यात बंदच राहिली होती. एरवी असली चूक कुणी केली तर अण्णांनी दाराबाहेरून ओरडून सांगितलं असतं.

नकटीला सगळ्यात आधी उमगलं. तिनं आपला तळवा पुढं केला, अण्णांच्या नाकाशी अगदी जवळ. "अण्णा, माझ्या हाताला कसला वास येतो?"

अण्णांनी दीर्घ श्वास घेतला. "कसला येणार? कसलाच नाही. बाहेरच्या साबणाला वास असतो का?"

त्या हाताचा फिनेलचा भपकारा दारात उभ्या आईपर्यंत येत होता.

आता कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. काका खाली बसले, चक्क बाटल्यांच्या खोक्यावर. अण्णांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांनाही कळलं की सगळ्यांना कळलंय. त्यांनी पट्टी हळूच टेबलावर ठेवली. म्हातारा माणूस एका क्षणात किती म्हातारा होऊ शकतो, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

"तुमची आई गेली त्या वर्षी ताप आला होता मला," ते मुलांना म्हणाले. "तापातनं उठलो आणि तिची शाल काढली. वास येईना. मला वाटलं, शालीचा गेला. महिनाभर शालीवरच रागावलो होतो मी. मग एक दिवस इथं येऊन सगळ्या बाटल्या उघडल्या."

त्यांनी चाचपत स्पिरिटच्या बाटलीला बूच लावलं.

"पण मग माल?" काकांनी विचारलं. "त्यानंतर इतका माल गेला आपला. मागच्या वर्षीचा तो नवा सुगंध तर लोकांनी डोक्यावर घेतला. तो कुणी केला?"

अण्णा नातीकडे बघत होते.

नकटीला या टेबलाशी काढलेल्या दुपारी आठवू लागल्या. अण्णा शेजारी बसून पट्टी पुढं करायचे. तुला काय वाटतं, गुलाब जास्त झाला का? सांग बघू, यात काय कमी आहे? ती सांगायची, ते मान डोलवायचे, मग तिच्या सांगण्याप्रमाणे दोन थेंब वाढवून पुन्हा पट्टी पुढं करायचे. आता? ही शिकवणी आहे असं ती समजत होती. आपल्याला बरोबर उत्तर येईपर्यंत आजोबा किती धीरानं थांबतात, याचं तिला कौतुक वाटायचं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतंच. ते तिच्या उत्तराची वाट बघत असायचे.

"मी केला," ती म्हणाली. तिला एकाच वेळी अभिमान वाटला आणि कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखंही वाटलं. "अण्णा, तुम्ही मला शिकवत नव्हता. तुम्ही मला वापरत होता."

"हो," अण्णा म्हणाले.

"आणि तुम्ही गप्प बसलात म्हणून मला वाटलं की तुम्हाला चालतंय. सगळं घर विरुद्ध गेलं तरी अण्णा आपल्या बाजूला आहेत, या एका गोष्टीवर मी वर्ष काढलं."

"मला माहीतच नव्हतं गं," अण्णा म्हणाले. इतक्या साधेपणानं म्हणाले की तिला पुढं भांडता येईना.

मग जे झालं त्याला घर म्हणतात. काका खोक्यावरून उठले ते वेगळेच काका होऊन. मघाशी मुलीच्या मनाविरुद्ध जबरदस्ती नको म्हणणारा हा माणूस आता तिला सांगू लागला की तुला जाता येणार नाही. साबणवाल्यांना नवा सुगंध द्यायचाय, तोंडी शब्द गेलाय. अण्णांचं नाक गेलंय हे बाहेर कळलं तर उद्या दारात कुणी उभं राहणार नाही, खाली काम करणाऱ्या इतक्या बायामाणसांनी कुठं जायचं? आणि तिथली ती औषधं, ती नाक जाळतात, हे तरी तिला ठाऊक आहे का? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. आपल्या मुलाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मुलानं सुटकेचा निःश्वास सोडला, तो फक्त नकटीनं ऐकला.

बाबा अजून तिथंच उभे होते. मुलगी जिंकेल म्हणून ते आले होते, आणि ती जिंकलेलीच होती, वर्षभर जिंकत होती, कुणाला पत्ता नसताना. त्यांनी विचारलं, "तिथं तू नेमकं करतेस काय?"

नकटी त्यांच्याकडे वळली. एवढा साधा प्रश्न वर्षभरात तिला घरातल्या कुणी विचारला नव्हता, आणि तिनंही विचारू दिला नव्हता.

"सुरुवातीला नुसती मदत करायचे," ती म्हणाली. "एक बाई आणली होती, रस्त्यावर सापडलेली. जवळ काही नाही, कुणी ओळखेना. तिचे केस धुताना मला सरसाचा वास आला. आणि कातड्याचा. नखांतनंही तोच. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, ही जोडे शिवणारी असेल. त्यांना आधी खरं वाटेना. मग त्यांनी जोड्यांच्या कारखान्यांतनं विचारलं, आणि तिची बहीण सापडली. ती आली, बाबा. तिनं त्या बाईच्या कपाळावर हात ठेवला आणि तिला नावानं हाक मारली. तोवर तिला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. मला हे नाक कशाला दिलंय, ते मला त्या दिवशी कळलं. साबणासाठी नाही दिलेलं."



"हे सगळं चांगलंच आहे," काका म्हणाले, "पण मेलेल्यांसाठी जिवंत माणसांच्या पोटावर पाय?"

"भाऊजी," आई म्हणाली.

सगळे चमकले. दारात उभी राहणारी बाई दारातून आत आली होती. "नाक तिचं आहे. तिच्या नाकावर तुम्ही सगळे जगलात, तिला न सांगता. आता निदान तिच्या तोंडावर तरी तिच्याच नावानं गळे काढू नका." मग ती लेकीकडे वळली आणि तिला तितकंच सुनावलं, की मला सांगितलं असतंस तर कपडे तरी गरम पाण्यात भिजवले असते. नकटीला हसू आलं आणि रडूही.

काका ऐकेनात. अण्णांचं ते शेवटचं मिश्रण तरी आहे ना, ते म्हणाले. कुणालाही न दाखवलेलं. तेच साबणवाल्यांना देऊ. निदान एवढं वर्ष निभेल, मग बघू. त्यांनी खरी बाटली उचलली, नवी पट्टी बुडवली आणि नकटीपुढं धरली. चांगलं आहे एवढंच सांग, आणि मग जा खुशाल, असं ते बोलले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत ते लिहिलेलं होतं.

अण्णांनी ते मिश्रण नाक गेल्यावर केलं होतं. आठवणीवर, एकट्यानं, कुणालाही जवळ न घेता. ते आता पट्टीकडे पाहत नव्हते, नातीच्या तोंडाकडे पाहत होते.

नकटीनं हुंगलं. एक शब्द बोलला की ती मोकळी होती. घर वर्षभर गप्प राहिलं असतं, आणि वर्षभरानं काय व्हायचं ते झालं असतं.

"देवदार फार झालाय, अण्णा," ती म्हणाली. "बाकीचं सगळं त्याच्याखाली दडपलंय. गुलाब आहे, पण त्याला वर येताच येत नाही. लोकर तर लागतच नाही. हे कुणाला देऊ नका."

काकांनी कपाळाला हात लावला. बाबांनी डोळे मिटून घेतले. आपल्याला जे त्या खोलीत कधी बोलता आलं नसतं ते ही पोर सहज बोलून गेली, आणि आता ती अडकली, असं त्यांना वाटलं.

अण्णा मात्र हळूहळू मान डोलवत होते, शिकवणीत डोलवत तशीच.

"हात दे इकडं," ते म्हणाले.

तिनं हात दिला. अण्णांनी तिचा तळवा दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला आणि खूप वेळ श्वास घेतला. मघासारखी मान तिरकी केली नाही, बोट हवेत धरलं नाही. नुसता श्वास घेतला.

"मला काही येत नाही," ते म्हणाले. "तूच सांग. काय काय आहे?"

"फिनेल आहे," नकटी म्हणाली. "त्याच्याखाली ते औषध. आमच्याकडचा साबण आहे, भरड, त्याला चुन्यासारखा वास येतो. आणि..." तिनं स्वतःचा हात जवळ घेऊन हुंगला. "आणि पीठ आहे. आंबवलेलं पीठ, आणि थोडी राख. सकाळी एक म्हातारा आणलाय. त्याच्या हातांना आहे हा. पाव भाजणारा असेल."

"त्याचं कुणी आलंय?"

"नाही अजून. मी इथं यायचं म्हणून तशीच निघाले. अजून कुणाला सांगितलेलं नाही."

अण्णांनी तिचा हात सोडला.

"मग तू इथं काय करतेस?" ते म्हणाले. "जा. त्याच्या घरची माणसं वाट बघत असतील."

ती हलली नाही. तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. वर्षभर जे ती नुसतं धरून चालली होती, ते आता खोलीत सगळ्यांच्या कानांवर पडलं होतं, आणि ते खरंच होतं. तिनं अण्णांकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी दारातून बाजूला होऊन वाट दिली. ती बेसिनवरून तशीच पुढं गेली आणि जिन्यावर तिची पावलं ऐकू आली, मग खालच्या यंत्रांच्या आवाजात मिसळली. आई तिच्यामागं अर्धा जिना उतरली आणि संध्याकाळी जेवायला वेळेवर ये, असं तिनं ओरडून सांगितलं.

काका मुलाला घेऊन निघून गेले. आता कुणाकुणाला फोन करावे लागतील ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

खोलीत बाबा आणि अण्णा राहिले. अण्णा खुर्चीत बसले नाहीत. टेबलाजवळच्या स्टुलावर टेकले, जिथं इतकी वर्षं शिकणाऱ्यानं बसायचं असे.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"वास आहे अजून खोलीत?"

बाबांनी श्वास घेतला. पीठ, राख, चुना, लेकीनं सांगितलेलं सगळं त्यांनी शोधलं. हो म्हणायला काय जात होतं. तरुणपणची ती पट्टी त्यांना आठवली, आणि त्यावेळचा तो एकच शब्द.

"फिनेल," ते म्हणाले. "मला नुसतं फिनेल येतंय, अण्णा."

"मला तेवढंही येत नाही रे," अण्णा म्हणाले, आणि मुलाला बसायला जागा व्हावी म्हणून स्टुलावर जरा सरकले.